संगणकाचा हरवलेला आवाज: योग्य ऑडिओ ड्रायव्हर ओळखून बसवण्याची रीत

संगणकाचा आवाज गेला की बहुतेक जण प्रथम स्पीकरवर संशय घेतात आणि पुष्कळदा तो संशय चुकीचा ठरतो. गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका निवृत्त शिक्षिका बाईंनी गणेश चवथीच्या आधी मला बोलावून घेतले, तेव्हा त्यांच्या लॅपटॉपला बाहेरून जोडलेले नवेकोरे स्पीकर टेबलावर होते. लॅपटॉपच्या आतल्या स्पीकरमधून काही ऐकू येईना, म्हणून त्यांनी ते चार दिवसांपूर्वी विकत आणले होते आणि तेही मुकेच होते. घरातल्या मुलांना आरत्यांच्या जुन्या चाली ऐकवायच्या असल्यामुळे बाईंना घाई होती. चौकशी केल्यावर कळले की पावसाळ्याच्या तोंडावर लॅपटॉपवर विंडोज नव्याने घालून घेतले होते आणि आवाज तेव्हापासूनच बंद होता. दोन्ही स्पीकर चांगले होते, फक्त ऑडिओ ड्रायव्हर बसवायचा राहून गेला होता. पाऊण तासात काम झाले, पण त्या नव्या स्पीकरचे पैसे गेले ते गेलेच. असा खर्च इतरांना पडू नये आणि संगणकाशी नव्याने ओळख होत असलेल्या माणसालाही हे काम घरी करता यावे, म्हणून ही रीत सविस्तर लिहीत आहे. मेनूंची नावे विंडोज ११ मधील इंग्रजी नावांप्रमाणे, पण देवनागरीत दिली आहेत. विंडोज १० मध्ये ती थोड्याफार फरकाने तशीच सापडतात.

ड्रायव्हर म्हणजे नेमके काय

आपण एखादे गाणे सुरू करतो तेव्हा त्या फाइलमध्ये ध्वनी नसतो, आकडे असतात. सीडीवरील संगीतात प्रत्येक सेकंदासाठी दर बाजूला ४४,१०० आकडे असतात आणि संगणकावर बहुधा ४८,००० ही गती वापरली जाते. हे आकडे गाणे वाजवणाऱ्या प्रोग्रॅमकडून विंडोजच्या ऑडिओ सेवेकडे, तेथून ड्रायव्हरकडे, ड्रायव्हरकडून मदरबोर्डवरील (संगणकाच्या आतल्या मुख्य पाटीवरील) ऑडिओ कंट्रोलरकडे आणि शेवटी कोडेक नावाच्या एका लहान चिपकडे जातात. कोडेक त्या आकड्यांचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो, आणि ते चढउतार अँप्लिफायरमधून स्पीकरपर्यंत पोहोचले म्हणजे आपल्याला आवाज ऐकू येतो. या साखळीतील ड्रायव्हर हा विंडोज आणि चिप यांच्यामधला दुभाषी आहे. विंडोजला चिपची भाषा येत नाही आणि चिपला विंडोजची, त्यामुळे दुभाषी नसेल किंवा भलत्याच चिपचा असेल, तर साखळीतील बाकीचे सगळे दुवे शाबूत असूनही आवाज येत नाही.

येथे एक शंका स्वाभाविकपणे येते. इंटेलने २००४ साली हाय डेफिनिशन ऑडिओ हे मानक आणले, त्याआधीचे एसी ९७ हे मानक मागे पडले, आणि विंडोजमध्ये या मानकाचा एक सर्वसाधारण ड्रायव्हर मुळातच असतो. मग वेगळा ड्रायव्हर कशासाठी? याचे कारण असे की कोडेक तोच असला तरी प्रत्येक कंपनी आपल्या मॉडेलमध्ये त्याची जोडणी निराळी करते. चिपच्या कोणत्या पायाला आतला स्पीकर जोडला आहे, कोणत्या पायाला हेडफोनचे जॅक आहे, वेगळा अँप्लिफायर असल्यास तो कोणत्या आज्ञेने सुरू होतो, हे त्या मॉडेलसाठी बनवलेल्या ड्रायव्हरलाच पुरतेपणी माहीत असते. म्हणून काही लॅपटॉपवर सर्वसाधारण ड्रायव्हर घातला की पडद्यावर सगळे ठीक दिसते, आवाजाची पट्टीही हलते, आणि स्पीकर मात्र गप्प राहतो. ड्रायव्हर निवडताना तो अमुक चिपचा आहे एवढे पाहून थांबू नये, तो आपल्या मॉडेलचा असावा. या लेखातील बाकी सर्व सूचना या एका गोष्टीभोवती फिरतात.

ड्रायव्हरला हात लावण्यापूर्वी

प्रथम पाच मिनिटे साध्या तपासणीला द्यावीत, कारण ड्रायव्हर ठीक असताना तो काढून पुन्हा घातल्यास नसलेली अडचण ओढवून घेतल्यासारखे होते. कीबोर्डवरील आवाज बंद करण्याच्या कळीवर दिवा लागलेला असल्यास ती कळ एकदा दाबून पाहावी. बाहेरच्या स्पीकरला स्वतंत्र वीज लागत असेल तर त्याचा दिवा पाहावा. डेस्कटॉपच्या मागील बाजूस स्पीकरची पिन हिरव्या भोकात असावी, कारण गुलाबी भोक मायक्रोफोनचे आणि निळे बाहेरून आवाज आत घेण्याचे असते. सफाई करताना पिना काढून परत लावल्या की ही अदलाबदल सहज होते.

त्यानंतर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबून 'साउंड सेटिंग्ज' उघडावे. तेथे 'आउटपुट'खाली ज्या उपकरणासमोर खूण आहे, आवाज त्याच उपकरणाकडे जातो. चवथीत किंवा घरच्या कार्यात लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला, की पुष्कळदा विंडोज आवाजाची वाट टीव्हीकडे वळवते. मॉनिटरला स्वतःचे स्पीकर नसले तरी त्याचे नाव या यादीत येऊ शकते आणि आवाज तेथे जाऊन नाहीसा होतो. यादीतून 'स्पीकर्स' निवडताच आवाज आला, तर पुढचे काहीच करण्याची गरज नाही. त्याच ठिकाणी 'व्हॉल्यूम मिक्सर' आहे, तोही पाहून घ्यावा, कारण एखाद्या प्रोग्रॅमचा आवाज तेवढा शून्यावर गेलेला असू शकतो. ब्लूटूथ हेडफोन एकदा जोडले असतील आणि ते दुसऱ्या खोलीत चालू असतील, तर आवाज तिकडे जात असल्याचीही शक्यता असते.

इतके करूनही आवाज नसेल, तर संगणक एकदा 'रीस्टार्ट' करावा. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणे म्हणजे रीस्टार्ट नव्हे, कारण विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' ही सोय चालू असताना शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत घेतली जाते, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहू शकतो. रीस्टार्टमध्ये सगळे नव्याने सुरू होते. पावसाळ्यात वीज गेल्यामुळे संगणक अर्धवट बंद पडला असेल, तर या एका उपायाने आवाज परतल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

डिव्हाइस मॅनेजर वाचण्याची रीत

स्टार्ट बटणावर उजवी कळ दाबली की येणाऱ्या यादीत 'डिव्हाइस मॅनेजर' असते. संगणकात काय काय बसवले आहे आणि कोणाला ड्रायव्हर मिळाला आहे, याची ही हजेरीपत्रिका आहे. नवख्या माणसाला ती पाहून दडपण येते, पण आवाजासाठी त्यातील चारच जागा पाहायच्या असतात: 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स', 'ऑडिओ इनपुट्स अँड आउटपुट्स', 'सिस्टम डिव्हाइसेस' आणि असल्यास 'अदर डिव्हाइसेस'.

पहिल्या जागी रियलटेक, कोनेक्झंट किंवा सिरस लॉजिक अशा एखाद्या कंपनीचे नाव असेल, तर कोडेकला त्याचा स्वतःचा ड्रायव्हर मिळालेला आहे. तेथे केवळ 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' असे लिहिले असेल, तर वर सांगितलेला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर काम करीत आहे. एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल डिस्प्ले ऑडिओ ही नावे एचडीएमआय केबलमधून जाणाऱ्या आवाजाची आहेत, त्यांचा लॅपटॉपच्या स्पीकरशी संबंध नाही. यादीत फक्त हीच नावे असतील आणि कोडेकचे नाव कोठेच नसेल, तर कारण जवळजवळ सापडलेच असे समजावे.

नावाशेजारच्या खुणांनाही अर्थ असतो. खाली वळलेला लहान बाण म्हणजे ते उपकरण कोणीतरी बंद करून ठेवले आहे. उजवी कळ दाबून 'एनेबल डिव्हाइस' निवडले की काम होते. पिवळा त्रिकोण म्हणजे अडचण आहे, आणि ती कोणती हे नावावर दोनदा टिचकी मारल्यावर 'जनरल' पानावर क्रमांकासह लिहिलेले असते. क्रमांक २८ असल्यास ड्रायव्हर बसवलेलाच नाही, क्रमांक १० असल्यास उपकरण सुरू होऊ शकत नाही, क्रमांक ३९ असल्यास ड्रायव्हरची फाइल बिघडली आहे किंवा गहाळ आहे, आणि क्रमांक ५२ असल्यास ड्रायव्हरवरील अंकीय स्वाक्षरी विंडोजला पटलेली नाही. हा शेवटचा क्रमांक दिसला तर तो ड्रायव्हर तेथेच सोडून द्यावा. स्वाक्षरीची तपासणी बंद करून तो जबरदस्तीने बसवण्याचे सल्ले मिळतात, पण घरच्या संगणकावर तसे कधीही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

बाईंच्या लॅपटॉपवर 'अदर डिव्हाइसेस'खाली 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' असे नाव पिवळ्या त्रिकोणासह होते आणि आत क्रमांक २८ होता. ही सर्वांत सोपी परिस्थिती म्हणावी लागेल, कारण येथे चूक शोधायची नसते, उणीव भरायची असते.

यंत्राची नेमकी ओळख पटवणे

आता आपल्याला दोन ओळखी हव्या आहेत, एक चिपची आणि एक संपूर्ण यंत्राची.

चिपच्या ओळखीसाठी डिव्हाइस मॅनेजरमधील त्या नावावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडावे, 'डिटेल्स' पानावर जावे आणि तेथील यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडावे. इंग्रजी अक्षरे आणि अंक यांची एक लांब ओळ दिसते. त्यातील 'व्हीईएन' या तीन अक्षरांपुढची चार चिन्हे बनवणाऱ्या कंपनीची असतात: १०ईसी म्हणजे रियलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी. 'डीईव्ही' पुढची चार चिन्हे चिपचे मॉडेल सांगतात. रियलटेकच्या बाबतीत तेथे ०२५६ असेल तर ती एएलसी २५६ ही चिप होय, ०८९७ असेल तर एएलसी ८९७. त्याच ओळीत पुढे 'एसयूबीएसवायएस' या अक्षरांनंतर आठ चिन्हे असतात, आणि यंत्र बनवणाऱ्याने आपल्या मॉडेलला दिलेली खूण ती हीच. ड्रायव्हरच्या आतील यादी या खुणेशी जुळवून पाहिली जाते, आणि एकाच चिपचे दोन ड्रायव्हर एकमेकांच्या लॅपटॉपवर का चालत नाहीत याचा उलगडाही येथेच होतो.

या ओळीची सुरुवातही पाहावी. ती 'एचडीऑडिओ' या शब्दाने होत असेल, तर विंडोज कोडेकपर्यंत पोहोचले आहे आणि केवळ कोडेकचा ड्रायव्हर हवा आहे. ती 'पीसीआय'ने होत असेल आणि पुढे ८०८६ असेल, तर अडचण एक पायरी आधीची आहे: इंटेलच्या कंट्रोलरलाच ड्रायव्हर नाही, त्यामुळे त्याच्यामागचा कोडेक विंडोजला दिसतच नाही. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये या कंट्रोलरसाठी 'इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी' नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो. तो न बसवता रियलटेकचा ड्रायव्हर कितीही वेळा बसवला तरी उपयोग होत नाही, आणि लोक नेमके येथेच थकून प्रयत्न सोडतात.

यंत्राची ओळख लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर असते. तेथे मॉडेलचे पूर्ण नाव आणि अनुक्रमांक असतो. डेलच्या लॅपटॉपवर त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात आणि तो सात चिन्हांचा असतो. आमच्याकडच्या दमट हवेत या पट्टीवरची अक्षरे पुसट होतात, अशा वेळी स्टार्टच्या शोधपट्टीत 'सिस्टम इन्फर्मेशन' शोधून उघडावे, तेथे 'सिस्टम मॉडेल' लिहिलेले असते. दुकानात सुटे भाग जोडून घेतलेल्या डेस्कटॉपला असे एक नाव नसते, त्यासाठी त्याच खिडकीतील 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' हे मदरबोर्डचे मॉडेल कामास येते. ही माहिती कागदावर लिहून घ्यावी. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल, पण 'बी' आणि '८', 'ओ' आणि शून्य यांत गल्लत होऊ देऊ नये.

ड्रायव्हर कोठून घ्यावा

उत्तर एकच आहे: लॅपटॉप ज्या कंपनीचा, तिच्याच संकेतस्थळावरील मदत विभागातून, आणि जोडलेल्या डेस्कटॉपच्या बाबतीत मदरबोर्डच्या कंपनीकडून. शोधयंत्रात ड्रायव्हरचे नाव टाकले की पहिल्या काही ओळींत जाहिराती येतात आणि त्यातून उघडणाऱ्या पानांवर डाउनलोडची मोठमोठी बटणे असतात. ड्रायव्हर आपोआप शोधून देण्याचे आश्वासन देणारे प्रोग्रॅमही याच वाटेने घरात शिरतात. त्यांतील पुष्कळसे पैसे मागतात, काही नको असलेल्या गोष्टी सोबत आणतात, आणि जे खरोखर ड्रायव्हर बसवतात तेही मॉडेलची खूण पाहतातच असे नाही. मी कोणालाही ते वापरण्यास सांगत नाही.

संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकला की त्या यंत्राची ड्रायव्हरांची यादी येते. तेथे विंडोजची आवृत्ती योग्य निवडली आहे याची खात्री करावी. विंडोज ११ केवळ ६४ बिटचे असते. विंडोज १० मात्र ३२ बिटचेही मिळत असे, त्यामुळे जुन्या संगणकावर 'सेटिंग्ज', 'सिस्टम', 'अबाउट' या क्रमाने जाऊन 'सिस्टम टाइप' पाहून घ्यावा. यादीतून तीन फाइली उतरवून घ्याव्यात: चिपसेटची (मदरबोर्डवरील मुख्य चिपांची), असल्यास इंटेल स्मार्ट साउंडची, आणि ऑडिओची. ऑडिओची फाइल काही मॉडेलांत शंभर मेगाबाइटांहून मोठी असते. सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावांत पावसात नेटवर्क वारंवार तुटते, म्हणून अशी फाइल शक्य असल्यास पणजी, म्हापसा, फोंडा येथे कोणा नातेवाइकाकडे उतरवून पेन ड्राइव्हवर आणावी. अर्धवट उतरलेली फाइल बसवण्याचा प्रयत्न करू नये.

बसवण्याची प्रक्रिया

काम सुरू करण्यापूर्वी परतीची वाट तयार ठेवावी. स्टार्टच्या शोधपट्टीत 'क्रिएट अ रीस्टोअर पॉइंट' शोधावे, उघडलेल्या खिडकीत 'सी' ड्राइव्हसाठी संरक्षण बंद असल्यास ते 'कॉन्फिगर' बटणाने चालू करावे आणि 'क्रिएट' दाबून आजच्या तारखेचे नाव द्यावे. काही बिघडलेच तर या क्षणाकडे परत येता येते. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा, आणि डेस्कटॉप असल्यास जोरात विजा चमकत असताना हे काम हाती घेऊ नये, कारण ड्रायव्हर बसत असताना वीज गेली तर काम अर्धवट राहते.

आधीचा चुकीचा किंवा बिघडलेला ड्रायव्हर असेल तर तो काढावा लागतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोडेकच्या नावावर उजवी कळ दाबून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडावे. त्या वेळी येणाऱ्या लहान खिडकीत ड्रायव्हरच्या फाइलीही काढून टाकण्याचा चौकोन असल्यास त्यात खूण करावी, नाहीतर विंडोज रीस्टार्टनंतर तोच ड्रायव्हर स्वतःच्या साठ्यातून पुन्हा बसवते. या अवधीत इंटरनेट बंद ठेवले तर बरे, म्हणजे विंडोज मध्येच दुसरा ड्रायव्हर आणून बसवणार नाही. ड्रायव्हर मुळातच नसेल तर ही पायरी गाळावी.

त्यानंतर उतरवलेल्या फाइली एकेक करून बसवाव्यात. आधी चिपसेट, मग इंटेल स्मार्ट साउंड, मग ऑडिओ, हा क्रम बदलू नये, आणि प्रत्येकानंतर रीस्टार्ट करावे. फाइल झिप स्वरूपात असेल तर आत शिरून थेट सेटअप चालवू नये. तिच्यावर उजवी कळ दाबून 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करावे आणि नव्या फोल्डरमधील सेटअप चालवावा. काही फोल्डरांत सेटअप नसतोच, केवळ 'आयएनएफ' शेपटीच्या फाइली असतात. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमधील पिवळ्या त्रिकोणाच्या नावावर 'अपडेट ड्रायव्हर' निवडावे, 'ब्राउझ माय कॉम्प्युटर फॉर ड्रायव्हर्स' दाबावे, तो फोल्डर दाखवावा आणि आतील फोल्डरही शोधण्याच्या चौकोनात खूण ठेवावी. खुणा जुळल्या तर विंडोज योग्य फाइल स्वतः उचलते. न जुळल्यास तसे सांगते, आणि ते सांगणे खरे मानून आपण मॉडेल चुकीचे निवडले का, हे पाहावे.

कंपनीच्या पानावर ड्रायव्हर सापडलाच नाही, तर 'सेटिंग्ज', 'विंडोज अपडेट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'ऑप्शनल अपडेट्स' या वाटेने जाऊन ड्रायव्हरांच्या यादीत ऑडिओचे नाव आहे का ते पाहावे. हे ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टमार्फत येतात, त्यामुळे विश्वासाचे असतात.

शेवटचे रीस्टार्ट झाले की इंटरनेट पुन्हा चालू करावे. नव्या पद्धतीच्या रियलटेक ड्रायव्हरसोबत 'रियलटेक ऑडिओ कन्सोल' हा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून वेगळा येतो, आणि हेडफोन की स्पीकर हे ठरवण्याची सोय पुष्कळदा त्यातच असते.

आवाज आला का, हे कसे तपासावे

'साउंड सेटिंग्ज'मध्ये खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज' आहे. ते उघडून 'प्लेबॅक' पानावर 'स्पीकर्स' निवडावे, 'कॉन्फिगर' दाबावे आणि डावा व उजवा स्पीकर वेगवेगळा वाजवून पाहावा. ही चाचणी एखाद्या गाण्याने करू नये, याला कारण आहे. फोंडा तालुक्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांचे गायन १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीतून अवकाशात गेले. ते घरी ऐकताना मला दर वेळी भरून येते, पण त्या काळातील ध्वनिमुद्रण एकमार्गी आहे. दोन्ही बाजूंना एकच आवाज असल्यामुळे डावी बाजू बंद असली तरी ऐकणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट अपेक्षेची आहे. घुमट या आमच्याकडच्या तालवाद्याचा खालचा, भरीव नाद लॅपटॉपच्या बोटभर स्पीकरमधून येत नाही, केवळ टाळीसारखा वरचा ठोका ऐकू येतो. तो ड्रायव्हरचा दोष नव्हे, हेडफोन लावून ऐकल्यास खात्री पटेल. उलट आवाज कापरा किंवा तुटक येत असेल, तर त्याच 'स्पीकर्स'च्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'एन्हान्समेंट्स' बंद करून पाहावेत आणि 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर २४ बिट, ४८,००० हर्ट्झ हा पर्याय निवडावा.

मायक्रोफोनसाठी दोनच शब्द. 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'मायक्रोफोन' येथे परवानगी चालू आहे का ते पाहावे. ती असूनही आवाज जात नसेल, आणि लॅपटॉप इंटेलचा असेल, तर पुन्हा स्मार्ट साउंडचा ड्रायव्हर तपासावा, कारण अशा लॅपटॉपमधील आतले मायक्रोफोन पुष्कळदा त्याच्याच मार्फत चालतात.

आवाज काल होता आणि आज नाही

विंडोजच्या अपडेटनंतर आवाज गेला असेल तर नवा ड्रायव्हर शोधण्याची घाई करू नये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोडेकच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'ड्रायव्हर' पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण दाबता येत असेल, तर आधीचा ड्रायव्हर परत आणावा. बटण फिकट दिसत असेल तर जुना ड्रायव्हर जपलेला नाही, मग कंपनीच्या पानावरून वर सांगितल्याप्रमाणे तो घ्यावा. ड्रायव्हरच्या बाबतीत सर्वांत नवा तो सर्वांत चांगला, असे मानण्याचे कारण नाही. चालणारा ड्रायव्हर केवळ नवी तारीख पाहून बदलू नये.

जुन्या संगणकांचा प्रश्न निराळा आहे. अनेक घरांत आणि वाचनालयांत विंडोज ७ च्या काळातील डेस्कटॉप अजून चालू आहेत. विंडोज ७ ची मदत १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, त्यामुळे अशा यंत्रांवर नवे विंडोज घातले जाते आणि कंपनीकडे त्यासाठीचा ड्रायव्हर नसतो. येथे मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर उपयोगी पडतो. 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', 'लेट मी पिक' या क्रमाने जाऊन यादीतून 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' निवडावे. डेस्कटॉपवर तो बहुधा चालतो, कारण तेथे लॅपटॉपसारखी अँप्लिफायरची खास जोडणी सहसा नसते.

ड्रायव्हर बरोबर असूनही आवाज नसेल तर

समुद्रालगतच्या खारट हवेत आणि जून ते सप्टेंबरच्या ओलीत जॅकच्या आतल्या पातळ पत्र्यांवर गंज चढतो. त्या पत्र्यांवरूनच संगणकाला हेडफोन लावले की काढले हे कळते, म्हणून पत्रा अडकला की हेडफोन नसतानाही संगणकाला ते लावलेले वाटतात आणि तो आतले स्पीकर बंद ठेवतो. पिन आठदहा वेळा हळू आतबाहेर करावी. त्याने न भागल्यास यंत्र बंद करून, जॅकमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हलकेच फिरवावा आणि पूर्ण वाळू द्यावे.

दोष ड्रायव्हरचा की चिपचा, हे ठरवण्याची एक खात्रीची परीक्षा आहे. यूएसबी साउंड कार्ड नावाची बोटाएवढी वस्तू काही शे रुपयांत मिळते. तिच्यासाठी विंडोजमध्ये ड्रायव्हर आधीच असतो. ती लावून हेडफोनमध्ये आवाज आला, तर विंडोजची ऑडिओ सेवा ठीक आहे आणि अडचण आतल्या चिपची किंवा तिच्या ड्रायव्हरची आहे. त्यापुढे उबुंटू लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी एक मोफत प्रणाली) पेन ड्राइव्हवरून, काहीही न बसवता, चालवून पाहावे. त्यात बहुतेक ड्रायव्हर मूळ गाभ्यातच असतात. तेथे आतल्या स्पीकरमधून आवाज आला तर चिप जिवंत आहे आणि विंडोजमध्ये आणखी प्रयत्न करण्यास अर्थ आहे. तेथेही शांतता असेल, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ऑडिओ चालू असेल आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोडेक दिसतच नसेल, तर यंत्र दुरुस्तीला न्यावे. मदरबोर्ड बदलण्याचा खर्च सांगितला गेल्यास तो न करता यूएसबी साउंड कार्डवरच काम चालवणे बहुतेक घरांना परवडणारे असते, आणि ऑनलाइन वर्ग किंवा भजनांचे ध्वनिमुद्रण ऐकण्यासाठी ते पुरेसे असते.

आवाज परत आला की त्या तिन्ही फाइली पेन ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि फोल्डरला मॉडेलचे नाव व वर्ष द्यावे. पुढच्या वेळी विंडोज नव्याने घालायला यंत्र दुकानात दिले, तर तो पेन ड्राइव्ह सोबत द्यावा आणि घरी आणण्यापूर्वी दुकानातच डावा व उजवा स्पीकर वाजवून घ्यावा. बाईंचा पेन ड्राइव्ह आता देवघराशेजारच्या कपाटात, लॅपटॉपच्या बिलासोबत ठेवलेला आहे.